दादाचा कॉम्प्युटर बघायला गेलो तो दिवस

दादाचा पाय दोरात सापडला आणि त्यानंतर आमचं घर हळू बोलायला शिकलं. त्याआधी आमच्या दांडी गावातल्या इतर घरांसारखं आमचंही घर ओरडूनच बोलायचं. समुद्राच्या आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून आमच्या माणसांचे गळे मोठे झालेले असतात. बाबांनी अंगणातून हाक मारली की पलीकडच्या चार घरांतली माणसं वळून बघायची. आई बोंबील वाळत घालता घालता शेजारच्या काकीशी गप्पा मारायची, त्या परक्याला भांडण वाटाव्यात. पण बोटीवर जाळं ओढताना दोराचा फास दादाच्या घोट्यावर बसला, आणि दोर ओढणारं यंत्र, म्हणजे विंच, थांबेपर्यंत हाड दोन ठिकाणी मोडलं. विंचवर बाबाच होते. हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. दादा इस्पितळातून पायात सळी घालून घरी आला, मागच्या खोलीत खाटेवर पडला, आणि बाबा अंगणातून हाका मारायचे बंद झाले. आत येऊन आईच्या कानाशी काय ते सांगायचे.

मागच्या खोलीची खिडकी विहिरीकडे उघडायची. समुद्राकडच्या ओटीवर बसायला दादा तयारच नसायचा. आई त्याच्या आवडीचं करंदीचं कालवण करायची, तांदळाची भाकरी गरम असतानाच त्याच्या पुढ्यात ठेवायची, आणि तो दोन घास खाऊन ताट सरकवायचा. एकवीस वर्षांचा, हातातोंडाशी आलेला मुलगा. विचारलं तर ‘हं’ आणि ‘नाय’ एवढंच बोलायचा. फक्त मोबाइलवर खेळायला बसला की त्याचा आवाज फुटायचा. कानात वायर घालून तो कुणातरी मुलांशी हिंदीत बोलायचा. एक सुरतचा होता, एक नाशिकचा, एकाचं गाव मला कधी कळलंच नाही. ‘राइट में है, राइट में! रुक, मैं आता हूं!’ असं तो खाटेवरून ओरडायचा. सुरुवातीला आई त्या खेळावर चिडायची. पुढे पुढे त्याचा आवाज आला की हातातली कोयती तशीच धरून दाराशी उभी राहायची. गोळ्या झाडण्याच्या त्या खेळात तिला काय कळणार होतं! ती मुलाचा आवाज ऐकायला यायची.

एक दिवस जेवताना दादा म्हणाला, “आई, एक मागू?” अपघातानंतरच्या आठ महिन्यांत त्याने आपणहून काही मागितलं नव्हतं. त्याच्या टोळीतली मुलं आता मोबाइल सोडून कॉम्प्युटरवरचा मोठा खेळ खेळणार होती, स्पर्धांना उतरणार होती, आणि त्याला सोबत घ्यायला तयार होती. त्यासाठी साधा कॉम्प्युटर चालणार नव्हता, गेमिंगचा लागणार होता. बोलताना तो ताटाकडे बघत होता. आईने बाबांकडे बघितलं. बाबा भाकरीचा तुकडा कुस्करत राहिले आणि मग म्हणाले, “बघू या की. प्रशांतला इचारतो.”

प्रशांत म्हणजे माझ्या आत्याचा मोठा मुलगा. बोईसरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. कारखान्यांच्या ऑफिसांतले प्रिंटर दुरुस्त करायचा, आणि हल्ली काचेच्या खोक्यातले, रंगीत दिवे लागणारे तयार गेमिंग कॉम्प्युटरही ठेवायला लागला होता. घरचा माणूस असल्यामुळे दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. पण पालघरच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर विषय घेतला होता, आणि आईने मला एकटीला गाठून सांगितलं, “चारू, तू नीट बघ हां. तुला कळतं त्यातलं. त्याच्या हातात काय वंगाळ पडाया नको.” नव्या जाळ्यासाठी ठेवलेले पैसे त्या कॉम्प्युटरमध्ये जाणार होते, पण आईच्या काळजीचं कारण ते नव्हतं. आणलेली वस्तू चार दिवसांत बंद पडली, तर दादा पुन्हा काही मागणार नाही याची तिला भीती होती. मलाही तीच भीती होती.

खरं सांगायचं तर मला तेव्हा जेमतेम कळत होतं. आमच्या लॅबमधल्या बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, “बाहेरचे दिवे बघू नकोस. आत कोणते भाग आहेत त्यांची नावं लिहून घे, प्रत्येकाचा सुटा भाव काढ, बेरीज कर. तयार कॉम्प्युटर बेरजेपेक्षा थोडा महाग असला तर ठीक आहे, ती जोडणाऱ्याची मजुरी. खूप महाग असला तर दिव्यांचे पैसे घेतोय.” मी विचारलं, “आणि स्वस्त असला तर?” त्या हसल्या. म्हणाल्या, “मग जास्त नीट बघ.” जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. खेळासाठी सगळ्यात महाग भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड, पडद्यावरची चित्रं तेच काढतं. पण लबाडी बहुतेक वेळा पॉवर सप्लायमध्ये होते, कारण त्या डब्याचं नाव कुणी विचारतच नाही. तो हलका असला तर ऐन खेळात मशीन बंद पडतं, कधी बाकीच्या भागांनाही घेऊन जातं.

बाबांनी प्रशांतकडून आतल्या भागांची नावं आणि एकूण भाव लिहिलेली चिठ्ठी आणली. मी ती घेऊन कॉलेज सुटल्यावर पालघरची तीन दुकानं फिरले. प्रोसेसर, मेमरी, कार्ड, सगळ्यांचे सुटे भाव लिहिले. चिठ्ठीत पॉवर सप्लायपुढे नुसतं ‘चांगला’ असं लिहिलेलं होतं. घरी येऊन बेरीज केली, पुन्हा केली. प्रशांतचा भाव बेरजेच्या खाली होता, आणि थोडाथोडका नव्हे. एकट्या कार्डाच्या निम्म्या किमतीएवढा खाली. मी बाबांना दाखवलं. ते जाळं विणत होते, मान वर न करता म्हणाले, “घरचा हाय तो. कमी लावला आसंल.” मी म्हटलं, “बाबा, घरचा असला तरी त्याला वस्तू विकतच आणावी लागते ना?” त्यावर ते एवढंच म्हणाले, “रविवारी जायचं हाय. तितं जाऊन आत्याच्या पोराला कोर्टात उभं करू नको.”

रविवारी दुपारी आम्ही तिघं रिक्षाने निघालो. दादा कुबडी मांडीवर आडवी धरून बसला होता. कितीतरी दिवसांनी त्याने दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता.   एमआयडीसीचा तो ओळखीचा उग्र वास नाकात आला तसं बोईसर आलं असं कळलं.

प्रशांतने मशीन आधीच मांडून ठेवलं होतं. तीन बाजूंनी काच, पुढे तीन पंखे, आणि त्यांतून निळा, जांभळा, हिरवा असा उजेड फिरत होता. दादा स्टुलावर बसला आणि तो उजेड त्याच्या तोंडावर पडला. तो काचेवर बोट फिरवत राहिला. एक कारखान्यातला कामगार मोबाइल दाखवायला आला होता, तोही थांबून म्हणाला, “भाई, एकदम मस्त है.” प्रशांतने चहा मागवला. “मामा, बसा. दादा, बघ, बटण दाब,” असं त्याचं चाललं होतं. बाबा दाराजवळच्या खुर्चीत टोकावर बसले होते. सगळे खूश होते आणि मी माझ्या पर्समधला कागद चाचपत होते.

मी म्हटलं, “प्रशांतभाऊ, काच काढून आतून बघू?”

“आत काय बघायचंय? सील लावलंय मी. वॉरंटी जाईल.”

“सील तूच लावलंयस ना? परत लाव.”

तो हसला, पण बाबांकडे बघून हसला. बाबा म्हणाले, “चारू, पुरे.” दादा म्हणाला, “बघू दे की तिला, बाबा. शिकतेय ती.” त्याच्या बोलण्यात कौतुक होतं, म्हणून मला आणखी अवघड झालं. प्रशांतला काच काढावीच लागली.

आत सगळं चकचकीत होतं. नावं मी कागदाशी ताडून बघितली. प्रोसेसर तोच, मेमरी तीच. पॉवर सप्लायवर कधी न ऐकलेलं नाव, आणि डबा बोटाने वाजवला तर रिकाम्या पत्र्यासारखा वाजत होता. मग मी मशीनच्या मागे गेले. तिथे कार्डाची धातूची पट्टी बाहेर दिसते, पडद्याची वायर लावायची भोकं असलेली. त्या पट्टीच्या कडेला आणि दोन स्क्रूंवर पांढरट हिरवी बुरशीसारखी पूड होती. कुणीतरी ती घासून काढली होती, पण खाचेतली राहिली होती. कॉलेजात मला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पण दांडीत ज्याच्या घराला पत्रा आहे, सायकल आहे, खिडकीला कडी आहे, त्याला ते शिकवावं लागत नाही. खारा वारा धातू खातो तेव्हा तो असाच दिसतो, आणि त्याला दोन-तीन पावसाळे तरी लागतात. कारखान्यातून नव्या खोक्यात येणाऱ्या वस्तूवर अशी पूड येत नाही. मी वाकून पंख्याच्या पात्यांमागे बघितलं. तिथे कोपऱ्यात राखाडी धूळ घट्ट बसलेली होती, ब्रश न पोचलेली.

आज इतक्या वर्षांनी मी त्या क्षणाकडे पुन्हा पुन्हा जाते. बाबांना बाहेर बोलावून मला सांगता आलं असतं. प्रशांतला खुणेने विचारता आलं असतं. चिठ्ठी विसरले असं म्हणून आणखी एक दिवस मागता आला असता. एकोणिसाव्या वर्षी यातलं काही सुचत नाही. आपण पकडलं, हे आधी सुचतं. आईचे शब्दही कानात होते. मी सरळ उभी राहिले आणि म्हणाले, “हे कार्ड जुनं आहे. कुणाच्या तरी घरी दोन-तीन वर्षं चाललेलं आहे. नवीन म्हणून का देतोयस?”

फिरणारा उजेड तसाच फिरत होता. प्रशांतचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “असं काही नाही,” मग म्हणाला, “गोडाऊनमध्ये ओल लागली असेल,” आणि मग एकदम बाबांकडे वळून, जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला, “मामा, आता तुम्हीच सांगा ना!”

बाबा खुर्चीतून उठले नाहीत. आपल्या दोन तळहातांकडे बघत म्हणाले, “त्याचा काय दोष नाय. मीच सांगितला त्याला.”

मग ते थांबून थांबून बोलले. महिन्यापूर्वी ते एकटेच इथे येऊन गेले होते. प्रशांतने खरा भाव सांगितला तेव्हा त्यांनी जवळ होतं ते सगळं टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, यात बसव. प्रशांत म्हणाला, मामा, नव्यात बसत नाही, जुनं कार्ड घालावं लागेल. “मी बोललो, घाल. पण पोराला नवा म्हणून दे. दिवे-बिवे लाव चांगले.” त्यांनी दादाकडे बघितलं नाही. “एवढं सोसलं त्याने. त्याला जुनं नको द्याया, असं वाटलं मला.”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी प्रशांतला पकडायला गेले आणि हाती बाबा लागले. दुकानात आता कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तो कामगारही हळूच निघून गेला. दादा उठला. कुबडीचा ठक ठक आवाज करत तो बाहेर गेला आणि रस्त्याच्या कडेला आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. समोरून कंपनीच्या बसगाड्या जात होत्या. बाबा म्हणाले, “जा, बघ त्याला,” पण मी तिथेच उभी राहिले. मला वाटलं, संपलं सगळं. आता तो परत येऊन ‘चला घरी’ म्हणेल, खाटेवर पडेल, आणि पुढची आठ वर्षं बोलणार नाही.

चहा निवला, त्यावर साय धरली, इतका वेळ तो बाहेर होता. मग आत आला आणि स्टुलावर बसला.

“प्रशांत, कार्डासोबत आणखी काय जुनं हाय? खरं सांग.”

“कार्ड आणि पॉवर सप्लाय. आईची शपथ, बाकी नवीन आहे.”

“बरं.” मग तो बाबांकडे वळला. अपघातानंतर तो बाबांशी सरळ तोंडाकडे बघून बोललेला मी पाहिला नव्हता. “बाबा, बोटीला जुना इंजिन घेताना तुमी काय करता?”

बाबांना आधी प्रश्नच कळला नाही. “काय करनार? चालवून बघतो.”

“किती येळ?”

“तास, दोन तास. थंड इंजिन सगलेच चांगले वाजतात. तापू द्यायचा. मग आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, हात लावून बघायचा.”

“मग इकडं या,” दादा म्हणाला. “खुर्ची घेऊन या.”

प्रशांतने सगळ्यात जड खेळ लावला. दादा खेळू लागला आणि बाबा मशीनला खेटून बसले. मी भिंतीला टेकून उभी होते. पहिला अर्धा तास काही झालं नाही. मग पंख्यांचा आवाज वाढला, काचेवर हात ठेवला तर चटका बसेल असं झालं, आणि ऐन खेळात पडदा काळा पडला. दिवेसुद्धा गेले. प्रशांत काही बोलायच्या आत बाबांनी नाक पुढे करून वास घेतला आणि खालच्या डब्याकडे बोट दाखवलं, “हा जळतोय.” तो पॉवर सप्लाय होता. बाबांना त्याचं नाव माहीत नव्हतं, पण रोग त्यांनी बरोबर ओळखला.

मग बोलणं झालं, आणि ते आता सरळ झालं. दादाने काचेचं खोकं आणि दिवे नको म्हणून सांगितलं. त्या बदल्यात साधं काळं पत्र्याचं खोकं आणि नावाजलेला नवा पॉवर सप्लाय. प्रशांतने तिथेच सगळं उतरवून पुन्हा जोडायला घेतलं. घाम पुसत तो मला म्हणाला, “स्क्रू दे,” आणि मी दिला. बस, आमच्यात तेवढंच बोलणं झालं. मशीन पुन्हा तापवलं. या वेळी दोन तास ते बंद पडलं नाही. बाबांनी डोळे मिटून कार्डाजवळ कान नेला, सगळ्यांना गप्प केलं, आणि म्हणाले, “याला दोन पंखे हायत ना? एक घासतोय. ऐका.” आम्हाला कुणाला ऐकू येईना. प्रशांतने एक एक पंखा बोटाने थांबवून बघितला, तर खरंच, एकाचं बेअरिंग झिजलं होतं. तो पंखाही बदलला. शेवटी बिलावर प्रशांतने कार्डापुढे स्वच्छ अक्षरात ‘जुने’ असं लिहिलं, आणि खाली, सहा महिन्यांत बिघडलं तर मी बघेन, अशी सही केली. तो मूळचा वाईट माणूस नव्हता. मामाला नाही म्हणता आलं नाही, एवढंच. तरी आत्या त्यानंतर वर्षभर आमच्या घरी आली नाही. मी तिच्या मुलाला भर दुकानात चोर ठरवलं, असं तिच्या कानावर गेलं होतं, आणि ते पुरतं खोटंही नव्हतं.

बाबा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. रागावलेले दिसत नव्हते. मी समोर आले की त्यांना काहीतरी काम आठवायचं. आईला मी सगळं सांगितलं. मला शाबासकीची अपेक्षा होती. ती सुकट निवडत म्हणाली, “बरं झालं कळलं ते. पन दादाच्या समोर नको होतं, चारू.” एवढं बोलून तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणून मी जास्तच रडले.

मागच्या खोलीत मात्र ते काळं खोकं घुमायला लागलं होतं. पहिल्याच सामन्यात दादाची टोळी दणकून हरली. तो इतक्या मोठ्याने ओरडला की विहिरीवरच्या बायकांनी काय झालं म्हणून विचारलं. पाचव्या दिवशी मी त्याला चहा द्यायला गेले तेव्हा खेळ थांबला होता. मी विचारलं, “दादा, कार्ड कसं चालतंय?”

“चालतंय.” त्याने कानातलं काढलं. “चारू, तुला एक सांगू? मला ते आधीच दिसलं होतं.”

“काय?”

“पट्टीवरचा खार. तू मागं गेलीस त्याच्या आधीच. प्रशांतनं काच काढली तवा आतनं पट्टीची कड दिसली ना. आणि बाबांचं तोंड पन बघितलं. तवाच कळलं मला, यांना म्हाईत हाय.”

मी खाटेच्या कडेवर बसले. “मग तू बोलला का नाहीस?”

“कसा बोलू? त्यांनी माझ्यासाठी केलं होतं. मी ठरवलं, आपन नवाच समजायचा.”

म्हणजे त्या दुकानात बाबांना ठाऊक होतं, प्रशांतला ठाऊक होतं, दादाला ठाऊक होतं. तिघं एकमेकांना जपत त्या रंगीत उजेडात बसले होते, आणि मी एकटी कागद घेऊन उभी होते. मी म्हटलं, “मग मी चुकलेच.”

त्याने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, “नाय. तू बोलली नसतीस तर मी रोज त्यांच्यासमोर खोटा हसलो असतो, आणि ते रोज मला हसताना बघून खोटे खूश झाले असते. पायाचं पन आमचं तसंच चाललं होतं की. मी बोलायचो नाय, ते बोलायचे नाय.” त्याने कप खाली ठेवला. “काल बाबा आले होते हितं. मशीनला कान लावायला आलो बोलले. मग बसले माझ्याजवळ, आणि बोलले, त्या दिवशी विंचचा दांडा मला येळेवर सोडाया नाय झाला रे.”

“तू काय म्हणालास?”

“मी बोललो, बाबा, दोरात पाय मीच ठेवला होता.”

बाहेर अंगणातून बाबांनी आईला हाक मारली. पूर्वीसारखी, चार घरांना ऐकू जाईल अशी.